सिस्टरबाईंच्या घड्याळाचं झाकण

गेली काही वर्षं माझ्याकडे घड्याळं येतात ती पिशवीतून. एखादा माणूस आपलं घड्याळ घेऊन स्वतः दारात आला, असं वर्षातून एखाद्या वेळीच होतं. पुण्याचा एक व्यापारी आहे. तो गावोगावच्या फेरीवाल्यांकडून जुनी चावीची घड्याळं उचलतो, त्यातली मशीन आणि तबकड्या एका कारागिराकडे पाठवतो आणि नुसत्या बॉड्या माझ्याकडे. चाळीस, पन्नास, कधी साठ. कुरिअरवाला पिशवी शेडच्या दारात टेकवतो आणि मोटर सुरू करायच्या आधीच माझ्या खांद्यात कळ येते.

बॉडी म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, आणि तिच्यामागे बसतं ते झाकण. मनगटावर वीस-तीस वर्षं काढली की बॉडीचं पाणी, म्हणजे वरचा मुलामा, उडतं, आतलं पितळ पिवळं डोकावायला लागतं. घामाने बारीक खड्डे पडतात, पट्टा अडकवायचे कान झिजून बोथट होतात. मी ते खड्डे भरतो, कडा कानशीने पुन्हा उठवतो, मग बफवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर, धरून चमक आणतो. नंतर औद्योगिक वसाहतीतला ओळखीचा माणूस त्यावर पाणी चढवून देतो. परत आलेलं घड्याळ कधी कुणाच्या हाताला लागलंच नव्हतं असं दिसायला पाहिजे. तसं दिसलं तर काम चांगलं झालं.

हे काम मी शिकलो सुप्याला. तिथल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं नळाच्या तोट्या बफ केल्या. नंतर मालकाने मशीन आणलं आणि आम्हा सात जणांना एका दुपारी ऑफिसात बोलावून चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच आम्ही समजलो. मी केडगावात घरामागे पत्र्याची शेड टाकली, एक जुनी मोटर घेतली. नगरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी पहिल्या काही बॉड्या विश्वासाने दिल्या. ते गेल्यावर हा व्यापारी मिळाला.

तोटी आणि घड्याळ यांत एकच फरक आहे. तोटी मुठीत धरता येते. घड्याळ बोटांच्या टोकांवर धरावं लागतं आणि मोटरचा सगळा थरथराट त्या टोकांतून आत जातो. आता सकाळी माझी बोटं पांढरी पडलेली असतात. मुंग्या आलेल्या असतात. थंडीत शर्टाची बटणं बायको लावून देते. सुरुवातीला मी प्रत्येक घड्याळ नीट बघायचो. हे शेतकऱ्याचं, हे ड्रायव्हरचं, ह्याच्यावर सिमेंटचे शिंतोडे आहेत, असा अंदाज बांधायचो. मग तेही सुटलं. पिशवी ओतायची, ढीग करायचा, ढीग संपवायचा.

त्या वेळी कांद्याची काढणी चालली होती. रस्त्याने कांद्याचे टेम्पो जात होते आणि ऊन तापायला लागलं होतं. बायको शेडच्या सावलीत बसून सोड्याच्या पाण्यात बॉड्या धूत होती. बॉड्यांच्या कडांत साठलेला मळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचं काम तिचं. ती मधेच थांबली.

"अहो, ह्याच्यावर काय लिव्हलंय बघा."

"असेल कुणाचं नाव," मी म्हणालो. झाकणांवर नावं असतातच. लग्नातली घड्याळं असतात, निरोप समारंभातली असतात.

"न्हाई, तसलं न्हाई. तुमी बघा तर."

मी मोटर बंद केली. लहान, बायकांच्या मापाचं घड्याळ होतं. स्टीलच्या झाकणावर कुणीतरी हाताने, चांगलं खोल कोरलं होतं. वरच्या ओळीत एक नाव आणि त्यापुढे 'सिस्टरबाईंना'. मधे 'समस्त ग्रामस्थांकडून सप्रेम'. खाली पारनेर तालुक्यातल्या एका गावाचं नाव. ते नाव आणि ते गाव मी इथे लिहीत नाही.

मी बॉडी हातात फिरवली. काच बसते ती कड एका बाजूने अगदी सपाट झाली होती. घड्याळ नेहमीसारखं मनगटाच्या वर घातलं तर तशी झीज होत नाही. ही बाई तबकडी आतल्या बाजूला, तळहाताकडे फिरवून घालत होती, आणि टेबलावर, खाटेच्या दांडीवर हात टेकला की तीच कड घासत होती. असा अंदाज मी फार दिवसांनी बांधत होतो.

"नर्सबाईचं हाय," बायको म्हणाली. "गावानं दिलेलं. असलं कोन इकंल? पडलं आसंल कुठं, न्हाईतर चोरीला गेलं आसंल. ती बाई शोधीत आसंल हो."

"पिशवीत आलंय म्हणजे व्यापाऱ्याचं आहे ते."

"तुमी फोन तर करा."

मी व्यापाऱ्याला फोन केला. तो घाईत होता. "काका, लिहिलेलं असेल तर घासून टाका. झाकण कोरं पाहिजे. दुसऱ्याचं नाव असलेलं घड्याळ गिऱ्हाईक परत पाठवतं." मी म्हणालो, बरं. फोन ठेवला. बायको ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत होती.

मी ते झाकण बाजूला ठेवलं आणि दोन दिवस बाकीचा ढीग उपसत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने भाकरी वाढली आणि विचारलं, "जानार हाय का न्हाई?" खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. अंगात जोर नव्हता. पण एक दिवस मोटरपासून लांब राहायला मिळेल, हा विचार मनात आला आणि मी हो म्हणालो. मी काही थोर मनाने गेलो नव्हतो.

कारखान्यातला माझा एक जुना सोबती त्या गावाच्या शेजारचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "त्या बाई ना? हायेत की. रिटायर झाल्या तरी गाव न्हाई सोडलं त्यांनी. जुन्या उपकेंद्राच्या मागं घर हाय." मी केडगावात हात करून एसटी थांबवली, सुप्याला उतरलो, तिथून पारनेरची गाडी धरली आणि पुढे एका जीपमध्ये दुधाच्या रिकाम्या कॅनच्या बाजूला बसलो. सुप्याला कारखान्याच्या फाटकावरून गाडी गेली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघितलं.

घर लहान होतं, दोन खोल्यांचं, पुढे पडवी. पडवीत एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. अंगाने किरकोळ, केस नीट विंचरलेले, पदर खोचलेला. मी नगरहून आलो, घड्याळाच्या बॉड्या दुरुस्त करतो, असं सांगितलं आणि खिशातून कागदाची पुडी काढून ते झाकण आणि बॉडी त्यांच्या पुढे धरली.

"हे तुमचं असावं. माझ्याकडे कामात आलं. हरवलं असेल म्हणून आणलं."

त्यांनी ते हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं. मग शेंगांचं ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "बसा. उन्हातून आलात. पाणी आणते."

पाणी आणलं, चहा टाकला. चहा होईपर्यंत त्या आत होत्या आणि मी पडवीत पुडी हातात घेऊन बसलो होतो. शेवटी कप पुढे ठेवून त्या समोर बसल्या.

"हरवलं नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच दिलं. मोटरसायकलवर एक जण येतो, जुनी घड्याळं, जुने मोबाईल गोळा करत. त्याला दिलं. त्याच्याकडून एक टब घेतला. तो बघा, तिकडे."

मोरीजवळ एक निळा प्लॅस्टिकचा टब पालथा घातला होता. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर चहा पाजला तेव्हा जसं वाटलं होतं, तसं काहीतरी वाटलं; म्हणजे राग नाही, एकदम हात रिकामे झाल्यासारखं.

"गावाने दिलेलं होतं," मी म्हणालो.

"हो. गॅस्ट्रोची साथ आली होती इथे. घरोघरी माणसं आडवी. मी आणि एक आया, आम्ही दोघीच. माझं घड्याळ सलाइन लावताना बादलीत पडलं आणि बंद झालं. साथ संपल्यावर लोकांनी वर्गणी काढून हे आणलं. नगरला जाऊन नाव घालून आणलं. मी रडले होते तेव्हा." त्यांनी शेंगांचं ताट पुन्हा पुढे ओढलं. "म्हणूनच गावातल्या कुणाला दिलं नाही. इथं कुणाला कळलं तर वाईट वाटेल त्यांना. अनोळखी माणसाला दिलं. तुम्ही कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार. पण का दिलं, बाई?"

हे मी विचारायला नको होतं. तो माझा हक्क नव्हता. पण एवढ्या लांब आलो होतो आणि दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाला जपून बोलणं जमत नाही.

त्यांनी राग धरला नाही. म्हणाल्या, "नाडी मोजायची सवय. आयुष्यभर तेच केलं. मनगट हातात घ्यायचं, सेकंदकाट्याकडे बघायचं. बाळंतिणीची मोजायची, तापातल्या लेकराची मोजायची. रिटायर झाले तरी ती सवय जाईना. जेवताना काट्यावर नजर गेली की घासासोबत मोजायचे. टीव्ही बघताना मोजायचे. मग आमचे मालक आजारी पडले. आठ महिने अंथरुणावर. दवाखान्याने घरी पाठवलं होतं. मी रोज मोजायचे त्यांची. शेवटच्या दिवशीपण मोजत होते. काटा पुढे जात होता आणि माझ्या बोटांखाली काही नव्हतं, तरी मी मोजतच होते. सुनेने हात सोडवला माझा."

बाहेरून एक टेम्पो गेला.

"त्यानंतर ते कपाटात ठेवलं," त्या म्हणाल्या. "तर कपाटात टिकटिक ऐकू यायची. खरं तर चावीच दिली नव्हती, म्हणजे बंदच असणार. पण मला यायची. मग दिलं. वाटलं, मोडीत जाईल, वितळवतील, संपेल."

"मोडीत नाही जात," मी सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण बोललो नाही. "मशीन दुरुस्त करतात, मी बॉडी नवी करतो, मग विकतात. आता लोकांना जुनी घड्याळं हौसेने पाहिजे असतात."

"म्हणजे कुणीतरी घालणार परत?"

"हो."

"बाई घालणार का माणूस?"

"माप लहान आहे. बाईच घालेल."

मग पहिल्यांदा त्यांनी हात पुढे केला आणि झाकण घेतलं. डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ आणून वाचलं. मोतीबिंदू असावा. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

मी म्हणालो, "बाई, मी एक करतो. माझ्याकडे कोरी झाकणं पडलेली आहेत. त्यातलं एक बसवतो आणि हे तुम्हाला ठेवून देतो. नुसतं झाकण आहे, काटा नाही, काही नाही."

"नको."

"मग मी ठेवतो माझ्याकडे. टाकवत नाही हो असलं."

"तुम्ही पेटीत ठेवणार आणि तुमची बायको ते दर दिवाळीला पुसणार," त्या म्हणाल्या आणि जरा हसल्या. "नको. घासून टाका. ज्या पोरीच्या हातात जाईल तिच्या मनगटावर माझं ओझं कशाला? तिने वेळ बघावी, एवढंच. पण काम नीट करा. वरवर करू नका."

"नीट करीन," मी म्हणालो.

त्यांनी झाकण परत दिलं तेव्हा माझी बोटं बघितली. उन्हाळा असूनही टोकं फिकट होती. "हात दाखवा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बदलला; ड्यूटीवरच्या सिस्टरचा झाला. एकेक बोट दाबून बघितलं. इथे कळतं का, इथे कळतं का, विचारलं. दोन बोटांच्या टोकांना काहीच कळत नव्हतं. हे मला माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलंही नव्हतं.

"किती वर्षं आहे हे?"

"चार-पाच."

"आणि दवाखान्यात?"

मी हात मागे घ्यायला लागलो. तेवढ्यात त्यांची तीन बोटं माझ्या मनगटावर सरकून नाडीवर येऊन टेकली. मला कळलं, त्यांनाही कळलं. त्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

"बघा," त्या म्हणाल्या. "हे असं होतं."

निघताना त्यांनी बजावलं की नगरला सरकारी दवाखान्यात जाऊन हात दाखवा, मोटर सलग चालवू नका. माझा नंबर एका कॅलेंडरच्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यांनी लिहून घेतला. संध्याकाळी घरी पोचलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने ते झाकण दिव्याखाली धरून बघितलं. नंतर एवढंच म्हणाली, "मंजी आपुनच खोडायचं व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते काम घेतलं. खोल कोरलेलं नाव बफने जात नाही. बफ नुसता अक्षरांच्या कडा गोल करतो आणि ती अक्षरं तशीच पुसट होऊन राहतात. आधी जाड पॉलिशपेपर काचेवर ठेवून झाकण हाताने सपाट घासावं लागतं, मग बारीक, मग त्याहून बारीक. मोटर लावलीच नाही. झाकण बोटाखाली दाबून पुढे-मागे, पुढे-मागे. दोन बोटांना कळत नव्हतं म्हणून अंगठ्याने दाबलं.

'सप्रेम' आधी गेलं, तिथे कोरणाऱ्याचा हात हलका पडला होता. मग मधली ओळ. गावाचं नाव गेलं. बाईंचं नाव सगळ्यात खोल. कोरणाऱ्याने त्याच्यावर मेहनत घेतली होती. त्याला वाटलं असेल, हे राहायला पाहिजे. मी ज्याचं काम पुसत होतो तो माणूस नगरमधलाच असणार, कदाचित माझ्या घड्याळजींच्याच ओळखीचा. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मी त्या एका ओळीवर बसलो होतो. झाकण पातळ होत चाललं, तेव्हा मधे मधे उजेडात धरून बघायचो. एक वेलांटी राहिली होती. तीपण गेली. बायको आतून दोनदा येऊन बघून गेली.

मग त्यावर गोल बारीक रेघा मारल्या, जशा नव्या झाकणावर असतात. बॉडीची ती सपाट झालेली कड भरून घेतली, कानशीने गोलाई आणली. एवढं मन लावून काम मी कितीतरी दिवसांत केलं नव्हतं. त्यातून आनंद झाला असं म्हणता येणार नाही. अंग आणि डोकं दोन्ही शिणून गेलं. पाणी चढवून आलं तेव्हा घड्याळ कोरं करकरीत दिसत होतं. व्यापाऱ्याने पिशवी मिळाल्यावर फोन केला, "काका, ते लेडीज पीस एक नंबर झालंय." मी बरं म्हणालो. ते कुठे गेलं, कुणी घेतलं, मला माहीत नाही.

आठ दिवसांनी सिस्टरबाईंचा फोन आला. "झालं का?"

"झालं."

"सगळं गेलं?"

"सगळं."

"बरं झालं." मग लगेच, "दवाखान्यात गेलात का?"

गेलो नव्हतो. त्या रागावल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या सोमवारी मला लाज वाटली आणि मी जाऊन रांगेत उभा राहिलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कामाची चौकशी केली आणि सांगितलं की नसा खराब झाल्यात, गेलेलं फारसं परत येणार नाही, उरलेलं जपा. सलग अर्ध्या तासाच्या वर मोटर नको. मी व्यापाऱ्याला सांगितलं की आता पिशवीत वीसच्या वर पाठवू नका. तो कुरकुरला, दुसरा माणूस बघतो म्हणाला. बघितला असेल किंवा नसेल. वीस मात्र येतात अजून. घर चालतं, ओढून ताणून चालतं.

पाऊस सुरू झाल्यावर सिस्टरबाई डोळ्यांच्या ऑपरेशनला नगरला आल्या. मुलगा बाहेरगावी नोकरीला, सुनेला लहान मूल. बायकोने मला न विचारताच त्यांना सांगून टाकलं होतं की आमच्याकडे उतरा. तीन दिवस त्या आमच्याकडे होत्या. डोळ्याला हिरवा चष्मा लावून पडवीत बसायच्या आणि बायको त्यांच्या शेजारी बॉड्या धुवायची. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण बोलणं संपायचं नाही. एकदा बाईंनी ब्रश मागितला. डोळ्यांत पाणी उडेल म्हणून बायकोने दिला नाही, त्यावरून दोघींचं जरा वाजलं आणि लगेच मिटलंही.

चौथ्या दिवशी मी त्यांना पारनेरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलायला वेळ होता. त्या चष्म्याआडून स्टँडवरची गर्दी बघत होत्या. म्हणाल्या, "चांगलं दिसतंय हो आता. ती पाटीसुद्धा वाचता येतीये." आणि त्यांनी समोरच्या गाडीची पाटी मला मोठ्याने वाचून दाखवली, मग तिच्या शेजारच्या गाडीची.

गाडी गेली. मी पायी पायी केडगावच्या रिक्षांपर्यंत आलो. घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, पिशवी आलीये. मी म्हणालो, असू दे. शेडच्या दारात पिशवी तशीच ठेवून आत जाऊन आडवा झालो आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना कधी झोप लागली ते कळलं नाही.